कणांचा पोळा

माझ्या आत्याच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायचं, पण आधी त्या पाण्यात काहीतरी विरघळताना पाहिल्याशिवाय नाही. ओसरीवरच्या कोनाड्यात काचेचे दोन पेले कायम भरलेले असत, एकात थंड पाणी आणि एकात गरम. पाहुणा टेकला की आत्या दोन्हीत निळीचा एकेक थेंब सोडायची आणि बजावायची, "हात लावायचा नाही. ढवळायचं नाही. नुसतं पाहायचं."

उन्हातून आलेला तहानलेला माणूस काय पाहणार? तो बिचारा पेल्याकडे पाही, मग माठाकडे, मग आतोबांकडे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते पोस्टात कारकून होते आणि दिवसभर ठप्प ठप्प शिक्के मारून आल्यामुळे घरी शक्यतो आवाज करत नसत.

"गरम पाण्यात नीळ लवकर पसरली का नाही?" आत्या विचारी.

"पसरली."

"ढवळली कोणी?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? पाण्याचे कण ढवळून राह्यले ना! स्वस्थ बसते का कोणी? गरम झालं का आणखीनच धिंगाणा!" एवढं झाल्यावर मग माठातलं पाणी. एकदा आतोबांनी घाईत, चष्मा नसताना, त्यातलाच एक पेला उचलून पिऊन टाकला आणि निळ्या जिभेने कचेरीत गेले. दिवसभर लोक त्यांना तब्येत विचारत राहिले. संध्याकाळी ते आत्याला इतकंच म्हणाले, "गरम होता."

मी तिच्या भावाची मुलगी. तिच्याच हाताखाली वरवट बकालच्या मुलींच्या शाळेत शिकले, असं म्हणण्याची पद्धत आहे म्हणून म्हणते. खरं म्हणजे ती शिकवत होती आणि मी तिथे होते. अंगाने मी चांगली भरलेली आणि चालण्यात संथ. आत्याने पहिल्याच आठवड्यात वर्गाला माझी ओळख करून दिली, "ही आमची घनपदार्थ. जागच्या जागी थरथरते, पण जागा सोडत नाही." पोरी हसल्या. मीही हसले, जागच्या जागी.

आत्या मात्र उंच, काटकुळी, पदर कायम कमरेला खोचलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण घेऊन आलेली. विनय हा गुण तिच्यात नावाला नव्हता. "माझ्यासारखं शास्त्र शिकवणारं या वऱ्हाडात कोणी नाही," असं ती चारचौघांत, देवळात, लग्नात, कुठेही सांगायची, आणि लोकांना राग यायचा तो ते खरं असल्याचा. तिला खांबावर, पाट्यावर, वरवंट्यावर बोटाने टकटक करायची सवय होती. टकटक करून म्हणायची, "हाही आतून थरथरून राह्यला बरं. दिसत नाही म्हणून फसू नका." आमची आई यावर म्हणे, "वन्सं, पाट्याला थरथरू द्या, पण आधी चटणी वाटून घ्या."

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अत्तर लावायचं काम आत्याकडे दिलं, ही माझ्या वडिलांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक. अत्तर हाताला लावायचं असतं. आत्याने मांडवाच्या एका टोकाला ताटलीत कुपी उपडी केली. त्याआधी, वारं येऊन घोटाळा होऊ नये म्हणून, मांडवाच्या सगळ्या कनाती सोडायला लावल्या. वैशाखाचे दिवस. माणसं आत शिजत होती. आणि बायकांच्या ओळींतून फिरून तिने कानाकानात सांगून ठेवलं, "वास आला का हात वर करायचा. बोलायचं नाही, मंगलाष्टका चालू आहेत."

आता आमच्याकडे अशी रीत, की शेवटची मंगलाष्टका संपली की नवरीचा मामा हात वर करतो आणि त्या इशाऱ्यावर वाजंत्री वाजवायला लागतात. भटजी अजून मधल्याच मंगलाष्टकेत होते. पहिल्या ओळीतल्या एका म्हातारीने हात वर केला. मग तिच्या मागचीने. मग ओळीच्या ओळी, धान डोलावं तसे हात वर जायला लागले. वाजंत्र्यांचा म्होरक्या दचकला. एका मामाच्या जागी एवढे हात! आपल्याला उशीर झाला असं वाटून त्याने जीव खाऊन सनई फुंकली, डफडी कडाडली, आणि लोकांनी अक्षता फेकून दिल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट टाकला. भटजींचं तोंड उघडंच.

वडील लालबुंद होऊन धावले. "अक्के, मुहूर्त चुकवला तू माझ्या पोरीचा!"

"चुकला नाही रे, आधी झाला," आत्या म्हणाली. "ते जाऊ दे. तू मागच्या ओळी पाह्यल्या का? वारं नव्हतं, पंखा नव्हता, अन् वास आपला आपण चालत गेला!"

बहीण आणि मेहुणे अजून सुखाने भांडतात. मेहुणे म्हणतात, मुहूर्ताआधी लग्न लागलं म्हणून हा परिणाम. बहीण म्हणते, हो ना, आणखी थोडा वेळ मिळाला असता तर मी नाही म्हटलं असतं.

पण आत्याची खरी लढाई झाली ती शाळेत. आमची शाळा गावातल्या प्रतिष्ठितांची एक कमिटी चालवायची आणि कमिटीचे अध्यक्ष होते आबासाहेब. नदीकाठची काळीभोर जमीन, पांढऱ्या मिशा, आणि मन तसं स्वच्छ. त्यांना आत्याचा राग नव्हता, फक्त तिच्या शास्त्राच्या तासाचं कारण कळत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पोरीले कण शिकवून का करता? कण काही पोळ्या लाटत नाही. त्या तासाले शिवनकाम ठेवा. चोळी बेतता आली तं जल्मभर कामी येते."

"आबासाहेब, चोळी सुती असते, अन् सूत कशाचं असते?"

"कापसाचं."

"अन् कापूस?"

"माह्या वावरातला!" आबासाहेब मिशीत हसले. पण हसण्यावर भागलं नाही. कमिटीने ठरवलं, की तपासणीला डिप्टीसाहेब येताहेत, त्यांच्यापुढे हा तास होऊ द्यावा, आणि त्यांनी मान हलवली नाही तर शास्त्र बंद आणि बाईंनी शिवण शिकवावं. आत्याला सुईत दोरा ओवता येत नसे. चष्म्याच्या काडीचा दोरासुद्धा आतोबांनी बांधलेला होता. पण शिवणाची तिला भीती नव्हती. वर्गात सुभी होती, तिची भीती होती.

सुभी म्हणजे सुभद्रा, गावाबाहेरच्या मळ्यातून चालत येणारी, एका लहानशा शेतकऱ्याची मुलगी. बोलायची थोडं, पण एकदा सांगितलेलं तिच्यात असं मुरायचं, की पुन्हा निघत नसे. इतर पोरी कोणत्याही तासाला शाळेत आल्या असत्या. सुभी शास्त्राच्या तासासाठी यायची. तिच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं, "शिवन तिची मायच शिकवते. त्याच्यासाठी शाळेत कायले पाठवू?" म्हणजे तास गेला की सुभी गेली. आत्या हे आमच्या घरी येऊन आईला सांगत होती, आणि सांगताना पहिल्यांदाच कशावरही टकटक करत नव्हती.

शाळेत उपकरण म्हणाल तर एक फळा आणि एक फुटका चंबू. पण आत्याकडे पोळा होता. पोळ्याच्या दिवशी ती आम्हा पोरींना आमच्या घराच्या धाब्यावर चढवायची. खाली मारुतीपुढे आंब्याच्या पानांचं तोरण, आणि तोरणाखाली सजवलेल्या बैलांची रांग.

"पाहा. उभे आहेत का नाही?"

"उभे आहेत, बाई."

"नीट पाहा. कान हलून राह्यले, शेपट्या हलून राह्यल्या, घुंगरं वाजून राह्यले. जागा सोडत नाहीत, पण स्वस्थ कोणी नाही. हा घन." मग ढोल वाढायचा, झडत्यांची गाणी रंगायची, तोरण तुटायचं, आणि बैल देवळाशेजारच्या गल्लीत घुसायचे, एकमेकांना घासत, सरकत, गल्ली जशी वळेल तसे वळत. "हा द्रव." आणि गल्ली संपली की चहूकडे मोकळे. "अन् हा वायू!" तिचा पदर सुटलेला असायचा आणि आवाज ढोलाच्या वर. खालची माणसं वर पाहत म्हणत, बैलं सोडा, बाईले आधी धरा.

डिप्टीसाहेबांपुढे हेच करायचं ठरलं. आम्ही पोरीच कण. शाळेच्या पटांगणात रांगा करून खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि जागच्या जागी थरथरायचं. आत्याने "उष्णता!" म्हटलं की जोरात थरथरायचं. पुन्हा "उष्णता!" म्हटलं की रांगा मोडून, पण एकमेकींना धरून, सरकत फिरायचं. आणि तिसऱ्यांदा म्हटलं की सुटायचं, सरळ रेषेत, कशाला आदळलं की वळायचं. तालीम रोज झाली. तालमीच्या वेळी गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटक लावलेलं असे, त्यामुळे आमचा वायू भिंतींच्या आत गुण्यागोविंदाने राहायचा.

साहेब शेगाव स्टेशनावरून बैलांच्या दमणीत बसून आले. जाडजूड, घामाघूम, नागपूरकडचे. दमणी आत आली आणि फाटक उघडंच राहिलं. ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

साहेबांना खुर्ची दिली. आबासाहेब शेजारी उभे. घन उत्तम झाला. माझी तर आत्याने खास तारीफ केली. द्रवही बरा झाला, एक वेणी ओढली गेली तेवढंच. मग आत्या पटांगणाच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि गरजली, "उष्णता!"

आणि आमच्या डोक्यात पोळा फुटला. समोर उघडं फाटक. पोळ्याचे बैल तोरण तुटल्यावर कुठे जातात? आपापल्या घरी! सगळा वर्ग फाटकाकडे सुटला. आबासाहेब हात पसरून फाटकात आडवे झाले, "अवं पोरीहो! अवं थांबा!" पण पोरी त्यांच्या हाताखालून, बाजूने निसटून गल्लीगल्लीत पसरल्या. मीही धावले. फाटकाबाहेरच्या कडुनिंबापर्यंत धावले आणि दम लागून पारावर बसले. त्यामुळे पुढचं सगळं मला बुटक्या भिंतीवरून नीट दिसलं. संथपणाचे असे फायदे असतात.

 रिकाम्या पटांगणात आत्या उभी, हात अजून वरच.

"झालं?" आबासाहेब धापा टाकत म्हणाले. "पाह्यलं साहेब? हे शास्त्र! सारी शाळा पळाली! शिवनाच्या तासाले एक पोरगी पळाली असती का?"

 आत्याने हात खाली घेतले.  तिने फाटकाकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "साहेब, वायूला मोकळी जागा दिली की तो तिथे जातो. फाटक उघडं होतं."

"पण बाई," साहेब हळूच म्हणाले, "ही एक काय करतेय?"

तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पटांगणाच्या कोपऱ्यातून सुभी सरळ चालत येत होती. नाक समोर, हात अंगाशी. समोरच्या भिंतीला खांदा लावला, वळली, दुसऱ्या भिंतीकडे निघाली. तिथे आदळली, वळली, साहेबांच्या खुर्चीच्या पाठीला धडकली, साहेब हलले, ती वळली.

"ए पोरी! थांब!" साहेब म्हणाले.

सुभी थांबली. पण आत्याकडे पाहत होती, थांबू का म्हणून.

"थांब, बेटा," आत्या म्हणाली. एवढ्या हळू ती कधी बोलत नसे.

"काय करून राह्यली तू?" साहेबांनी विचारलं. नागपूरकडचेच ते.

"म्या वायू हाव, साहेब."

"मग बाकीच्या घरी गेल्या, तू काऊन नाही गेली?"

"त्या बैल झाल्या, साहेब," सुभी म्हणाली. "बैलाले घर असते. कणाले नसते. त्याले जिकडे जागा भेटली तिकडे जाते, आदळला का वापस येते."

"पण फाटक उघडं होतं ना? बाहेर जागा होती."

"गेली होती, साहेब. फाटकात आबासाहेब होते. त्याहिले आदळली, वापस आली."

 मग साहेबांचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग खुर्ची. ते इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. "आबासाहेब," ते म्हणाले, "तुम्ही भिंत झालात की हो!"

आबासाहेबांच्या मिशा आधी ताठ झाल्या, मग एका बाजूने वर गेल्या. तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. बाजाराचा दिवस, वावरातली कामं बंद, म्हणून बाया घरीच होत्या. पोरींना बखोटीला धरून आया येत होत्या.

"काऊन वं बाई, भर दिवसा पोरी सोडून देल्या?"

"माही तं चुलीपाशी येऊन उभी राह्यली. म्हनते, मले ओवाळ!"

"अन् माही पुरनपोळी मांगून राह्यली! माघात कुठची आनू व माय पुरनपोळी?"

फाटक एकच, आया लठ्ठ, पोरी मध्ये दाटलेल्या. सगळा घोळका एकमेकींना घासत, सरकत आत येऊ लागला. साहेब उभे राहिले आणि शाळकरी पोरासारखं बोट दाखवून ओरडले, "बाई! द्रव!"

"हाव साहेब!" आत्या परत आपल्या आवाजात आली. "वायू थंड झाला! बसा गं पोरींनो रांगेत, घन करून दाखवा साहेबांना!" पोरी बसल्या. जागा उरली नाही म्हणून आयाही मागे रांगेत बसल्या, आणि काय चाललंय ते कळत नसताना शेजारणीला बघून थरथरल्याही. मी पारावरून उठून हळूच शेवटच्या रांगेत जाऊन मिळाले.

मग साहेबांनी सुभीला खूप विचारलं. तुपाचा गोळा चुलीजवळ का पातळ होतो, हिंगाची डबी उघडली तर माजघरात कसं कळतं, गार पाण्यात गूळ उशिरा का विरघळतो. ती एकेका प्रश्नाला आधी आत कुठेतरी पाहायची, आणि कण कसा धावतो ते सांगायची. आयांनी कान टवकारले. हिंग, गूळ, तूप हे तर त्यांचंच राज्य होतं. तिथे कोणीतरी दिवा लावत होतं.

"आबासाहेब," साहेब शेवटी म्हणाले, "शिवण शनिवारी ठेवा. हा तास आहे तिथेच राहील. काही म्हणणं?"

"आता भिंतीनं का बोलाव, साहेब!" आबासाहेब म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली धाकटी नात आणून वर्गात बसवली. फाटकाला मात्र नवी कडी लावून घेतली.

त्या दिवशी आत्या बाजारातून घरी गेली ती पेठेतून वरात निघावी तशी. सुभीचा हात तिच्या हातात. वांग्यांच्या, मिरच्यांच्या ढिगांमागून लोक विचारत, "बाई, का झालं?" आणि आत्या प्रत्येक पालापुढे थांबून पहिल्यापासून सांगे, दर खेपेला साहेब थोडे जास्त हसत. आतोबा पोस्टाच्या पायरीवर उभे होते. त्यांना पाहताच तिने लांबूनच हाक मारली, "जिंकलो!" आतोबांनी हातातला शिक्का हवेतच एकदा मारला.

सुभीच्या बापाला मग आत्याने धरलं ते सोडलंच नाही. पोरीला पुढे शिकवायला हो म्हणेपर्यंत ती मळ्यावर जात राहिली. सुभी खामगावच्या हायस्कुलात गेली, तिथून पास झाली, आणि नागपूरला शास्त्राच्या कॉलेजात निघाली. आमच्या गावातून मुलीने असं जाणं पहिलंच. शेगाव स्टेशनावर तिला पोचवायला आया आल्या होत्या, आबासाहेब आले होते. त्याच गाडीने मीही चालले होते, अकोल्यापर्यंत. तिथे एक मुलगा मला पाहणार होता. एकाच बाकावर आम्ही दोघी, एक शिकायला निघालेली, एक दाखवायला. दशम्यांचं गाठोडं मात्र माझ्या मांडीवर होतं, आणि शेगाव सुटायच्या आधीच हलकं व्हायला लागलं होतं.

इंजिनाने शिटी दिली. बाया डोळ्याला पदर लावू लागल्या. सुभीच्या आईला तर हुंदका आवरेना. आत्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता आशीर्वाद देईल.

"सुभे, तिकडे पाहा! इंजिनाकडे! वाफ दिसते का?"

"दिसते, बाई. पांढरी."

"चूक! दिसते ती वाफ नाही. ते पाण्याचे बारके थेंब. तोटीच्या अगदी तोंडाशी पाहा, तिथे काही दिसत नाही ना? ती खरी वाफ!" गाडी हलली. आत्या डब्याबरोबर चालायला लागली. "तिथे कण इतके जोरात असतात सुभे, का..."

पुढचं चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. सुभी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडत होती, "का काय, बाई? का काय?" आणि आत्या हमालांना, हातगाड्यांना बाजूला सारत पळत होती, दोन्ही हातांनी हवेत कण दाखवत. इंजिनाने सोडलेला पांढरा लोट फलाटावरून मागे आला आणि ती त्यात सबंध बुडाली. लोट पातळ झाला तेव्हा चष्म्याच्या काचा धुकटलेल्या, केस ओले, आणि ती भलत्याच डब्याबरोबर धावत होती. तिथल्या खिडकीतला एक अनोळखी फेटेवाला म्हातारा, कानामागे हात धरून, मान डोलावत, लक्ष देऊन ऐकत होता.